कुरकुरणारा पंखा

कल्पिताला बघायला पाहुणे यायचे होते त्याच दिवशी तिच्या भावाने, केतनने, बैठकीच्या खोलीतले नवे दिवे लावले आणि अख्खी खोली नाचायला लागली.

केतनचे ट्रेलर न्हावा शेवा बंदरात चालायचे. नवं छत करताना त्याने, यार्डात कंटेनर मांडतात तशा सरळ ओळींत दिवे बसवून घेतले. मधे पंखा आहे, हे वडिलांनी, दत्तात्रेयांनी, सांगून पाहिलं. पण ओळ मोडायला तो तयार नव्हता. आता दिवे पात्यांच्या बरोबर वर आले होते. पंखा फिरला की भिंतींवर सावल्यांची पळापळ सुरू व्हायची.

"बाबा, पंखाच काढू. उद्या भंगारात देतो."

"हात तर लावून बघ!" दत्तात्रेय कडाडले. कल्पिता जन्मली त्या उन्हाळ्यात मिठागरावरच्या पगारातून त्यांनी तो आणला होता. अंगाला मीठ चिकटलेलं घेऊन घरी यावं आणि पंख्याखाली पोर निजलेली दिसावी, याहून मोठं सुख त्यांना पुढे कधी लाभलं नाही. पंखा कुरकुरायचा, त्या आवाजाशिवाय पोरीला झोप यायची नाही, आणि नंतर बापालाही.

पाहुणे आले. नवरामुलगा ओंकार बोलायला बेताचाच. सगळा कारभार त्याच्या आजीच्या, गोदूबाईंच्या हाती. त्या कोचावर टेकल्या, वर बघितलं आणि त्यांनी डोळे गच्च मिटले.

"गो बाय! घर फिरतंय का मी फिरतंय?"

केतनने धावत जाऊन पंखा बंद केला. मे महिना, त्यात दिवे उठून दिसावेत म्हणून त्याने जाड पडदे ओढून घेतलेले. ओंकारचा घाम सरबतात पडायला लागला.

"पंखा लाव रं, पोर वितळंल माझा!"

केतनने पंखा लावला आणि दिवे मालवले. नेमकी तेव्हाच कल्पिता पोहे घेऊन आली, बशा ठेवल्या आणि अंधारात चाचपडत वाकून पाया पडली.

"अगो, मी हाय!" केतन ओरडला.

दत्तात्रेयांनी वैतागून पडदे सारले. उजेड आला, खाडीवरचा वारा आला आणि खोली थाऱ्यावर आली. पंखा तेवढा कुरकुरत होता. गोदूबाई कान देऊन ऐकत होत्या.

"आमच्याकडं पन असाच व्हता, म्हाताऱ्यानं आनलेला. नातवानं भंगारात घातला. नवा पंखा आवाज करत न्हाय, नि माझा डोला लागत न्हाय." त्यांनी पदराने डोळे टिपले. "पोरगी पसंत हाय. मना दुसरं काय नको. यो पंखा तेवढा आंदन द्या."

केतनने खुशीत मान हलवली. दत्तात्रेयांनी पंख्याकडे बघितलं, मग लेकीकडे.

"पोरगी खुशाल न्या," ते कसंबसं म्हणाले, "पंख्याचा मना जरा इचार करू द्या."

सगळे खो-खो हसले. कल्पिता मात्र हसली नाही. ती उठून बापाच्या शेजारी जाऊन बसली.