तीन कोपऱ्यांचा सोऱ्या

"आवं, जरा हिकडं या. अव्वाचा सोऱ्या खालून कमी अन् वरूनच जास्त पीठ काढायलाय," शरणम्मांनी स्वयंपाकघरातून हाक मारली आणि गुरुबसप्पा पोर्चमधून धावत आले. एरवी गॅसची टाकी बदलायला बोलावलं की या गृहस्थांना कमी ऐकू येतं. पण घरात काहीतरी बिघडलंय म्हटल्यावर त्यांचे दोन्ही कान उघडले.

आत पाटावर मल्लम्मा बसल्या होत्या. या शरणम्मांच्या आई, घरातल्या अव्वा, म्हणजे गुरुबसप्पांच्या सासूबाई. नात मंजुश्रीचं लग्न तोंडावर आलेलं, रुखवताच्या चकल्या आपल्याच हाताने पडल्या पाहिजेत म्हणून त्या उदगीरहून एसटीने लातूरला आल्या होत्या. लेकीच्या सोऱ्यावर विश्वास नव्हता, म्हणून स्वतःचा पितळी सोऱ्या पिशवीत घालून आणला होता. घरातल्या सगळ्या लेकींच्या रुखवताच्या चकल्या याच सोऱ्यातून पडलेल्या. वरची मूठ फिरवली की दांडा खाली सरकायचा, दांड्याच्या टोकाचा दट्ट्या पीठ दाबायचा आणि खाली चकली पडायची. पण आता नळा आतून झिजला होता. दट्ट्या सैल पडत होता आणि दाबलेलं पीठ बाजूच्या फटीतून वर येत होतं.

"एवढंच ना," गुरुबसप्पा सोऱ्या उजेडाकडे धरून म्हणाले. "नळा आतून कापून एकसारखा गोल करतो. त्याच्या मापाचा नवा दट्ट्या बनवतो. उद्या दुपारी चकल्यांना बाया येईपतूर तयार."

"जमंल न्हवं, जावईबापू? माझ्या सासूनं दिल्याला हाय त्यो."

"अव्वा, आपल्याकडं मशीन हाय."

मशीन हा शब्द निघाला तशा शरणम्मा पीठ मळता मळता थांबल्या. हे मशीन म्हणजे पोर्चमध्ये ठेवलेला छोटा लेथ, धातू-लाकूड गरगर फिरवून कापायचं यंत्र. गुरुबसप्पांनी सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात कारकुनीत काढली, आणि निवृत्त झाल्यावर लोक काशीला जातात तसे हे लेथकडे गेले. स्कूटर पोर्चमधून रस्त्यावर आली, कपडे वाळत घालायची दोरी गच्चीवर गेली. आणि इतकं करून त्या लेथमधून आजवर निघालं काय, तर भोवरे. घरात भोवरा खेळण्याच्या वयाचं कुणी नव्हतं. मध्यंतरी एक लाटणं निघालं होतं, पण त्याला नक्षी इतकी होती की पोळीवर तिचे वळ उठायचे.

"हे बघा," शरणम्मा म्हणाल्या, "अव्वाचा सोऱ्या नीट झाला, तर ते मशीन ऱ्हाईल. बिघडला, तर मांडव घालायच्या आधी भंगारवाला यील. औशाचे व्याही बसायला जागा तरी हुईल."

भोवऱ्यांना कुणी कितीही हसलं तरी गुरुबसप्पा लेथशेजारी बसत तेव्हा खरोखर सुखी असत, आणि हे सुख त्यांना फायलींनी कधी दिलं नव्हतं. त्यांनी सोऱ्या छातीशी धरला, पोर्चमध्ये आले आणि नांदेडला फोन लावला.

नांदेडला साहेबराव होते. दोघांनी एकाच खात्यात कारकुनी केली, एकत्रच निवृत्त झाले आणि लेथही सारखाच घेतला. तेव्हापासून दोघे एकमेकांना सल्ला देत. दोघांचं ज्ञान सारखंच असल्यामुळे सल्ल्यात वाद कधी होत नसे.

"साहेबराव, पितळी नळा हाय. पातळ. चकात धरू कसा?"

"घट्ट धरा अप्पा. माझ्या पेल्याचं मालूम हाय ना तुमाला?"

मालूम होतंच. साहेबरावांनी ओरखडे उठू नयेत म्हणून एक पितळी पेला लेथच्या चकात, म्हणजे वस्तू पकडून फिरवणाऱ्या जबड्यांत, हलकेच धरला होता. लेथ सुरू झाला, पेला सुटला, खिडकीतून बाहेर पडला आणि शेजारच्या सरजाबाईंच्या वरणाच्या पातेल्यात जाऊन पडला. सरजाबाई त्यांच्याशी अजून बोलत नव्हत्या.

"म्हणून सांगून राहिलो," साहेबराव म्हणाले. "चकाची चावी हातानं फिरना झाली, की तिला पाईप लावा. पाईपनं आवळा. वस्तू हलली न्हाई पायजे."

पटण्यासारखंच होतं. गुरुबसप्पांनी नळा चकाच्या तीन जबड्यांत धरला, हाताने आवळला, मग कोपऱ्यातला पाईप चावीत अडकवून दोन्ही हातांनी आवळला. पितळ जरा कुरकुरलं. ते त्यांनी शुभ मानलं.

आणि काम झालं ते देखणं. टूल आत गेलं, पितळेचा पिवळाधमक भुगा खाली पडू लागला आणि नळ्याचं पोट आरशासारखं चमकायला लागलं. अर्ध्यापर्यंत कापून झाल्यावर त्यांनी नळा उलटा केला. आधीच्या जबड्यांच्या खुणा उठल्या होत्या, बरोबर त्याच रेषेत पुन्हा जबडे बसवले, म्हणजे नवीन खुणा नकोत. या नीटनेटकेपणाचं त्यांना स्वतःलाच कौतुक वाटलं. उरलेला अर्धा भाग कापून झाला तसं त्यांनी नळा चकातच ठेवून बायकोला बोलावलं.

शरणम्मांनी वाकून आत पाहिलं, बोट फिरवलं. "गोल दिसायलाय की," त्या म्हणाल्या. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण बायकोच्या तोंडून असं वाक्य त्यांनी क्वचितच ऐकलं होतं. ते इतके खूश झाले की नळ्याचं माप घेऊन, चक सैल करून तो बाजूला ठेवला आणि दट्ट्यासुद्धा एका दमात बनवला, अगदी नळ्याच्या मापाचा गोल.

मग त्यांनी नळा हातात घेतला आणि दट्ट्या आत सोडला. दट्ट्या गेला नाही. फिरवून पाहिला, उलटा करून पाहिला, तेल लावून पाहिला. नळ्याच्या तोंडाशी तो अडून बसला.

व्हर्नियर, म्हणजे बारीक माप घ्यायची पट्टी, आणून त्यांनी नळ्याचं तोंड आडवं मोजलं, उभं मोजलं, तिरकं मोजलं. सगळीकडे माप तेच. त्यांनी पुन्हा फोन लावला.

"माप सगळीकडं सारखं हाय म्हणता?" साहेबरावांनी विचारलं.

"एकदम सारखं."

"मग गोलच हाय. दट्ट्याच जाड झाला असंल. कमी करा त्याला."

त्यांनी दट्ट्या बारीक केला. तरी अडला. आणखी बारीक केला, तेव्हा गेला, पण असा गेला की खालच्या तोंडातून थेट फरशीवर पडला आणि ठणठणत मल्लम्मांच्या पायाशी जाऊन थांबला. सासूबाई चहाची बशी घेऊन नेमक्या पोर्चमध्ये येत होत्या.

"झाला का, जावईबापू?"

"झालाच अव्वा. गरम हाय अजून. थंड हू द्यावा लागतो." आणि त्यांनी सोऱ्यावर टॉवेल टाकला.

मल्लम्मा खुर्ची ओढून बसल्या. सोऱ्या थंड होईपर्यंत आपण इथंच बसू म्हणाल्या. जरा वेळाने टॉवेलकडे बघत म्हणाल्या, "बाळंतीण झाल्यागत झाकून ठिवलाव की." गुरुबसप्पा हसले. पण त्यांच्या डोळ्यांपुढे हातगाडीवरून जाणारा लेथ दिसत होता.

शेवटी सासूबाईंचा बसल्या जागी डोळा लागला. गुरुबसप्पा दबक्या पावलांनी स्वयंपाकघरात गेले आणि परातीतून कणकेचा भला मोठा गोळा उचलला. दारात मंजुश्री उभी होती.

"पप्पा, कच्चीच खाणार?"

"गप. तुझ्याच रुखवताचं काम हाय."

फट नेमकी कुठे आहे ते त्यांना बघायचं होतं. नळ्याला आतून तेलाचा हात फिरवून त्यांनी कणीक त्यात ठासून भरली आणि दुसरीकडून ढकलून हलकेच बाहेर काढली. कणकेचा लोड बाहेर आला, आणि ते त्याच्याकडे बघतच राहिले. त्याला बोटाला कळतील असे तीन कोपरे होते.

तीन जबडे, तीन कोपरे. तेव्हा कुठे त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. पाईप लावून आवळताना जबड्यांनी नळा तीन जागी आत दाबला होता. दाबलेला असतानाच त्यांनी तो आतून गोल कापला. जबडे सुटले तशा त्या तीन जागा पुन्हा बाहेर सरकल्या आणि गोलपणा गेला. व्हर्नियरलाही यातलं काही कळलं नव्हतं, कारण एका बाजूला कोपरा आला की समोर सपाटी यायची आणि माप तेच भरायचं.

आता नळा पुन्हा कापायची त्यांची छाती नव्हती. पितळ आधीच पातळ झालं होतं. नळा गोल होत नसेल तर दट्ट्याच तिकोनी करू, असं त्यांनी ठरवलं. पितळेचा एक तुकडा उरला होता. कणकेचा लोड समोर ठेवून ते कानस घेऊन बसले. घासायचं, नळ्यात घालून बघायचं, पुन्हा घासायचं. हातांना फोड आले. दिवेलागणीला दट्ट्या आत गेला आणि इकडे तिकडे न हलता खाली सरकला.

एकच अडचण राहिली. कोपऱ्यांमुळे दट्ट्याला आत फिरता येत नव्हतं आणि दांडा तर फिरवल्याशिवाय खाली येत नाही. म्हणून त्यांनी दट्ट्या दांड्याच्या टोकाला सैल अडकवला. दांड्याने खुशाल फिरावं, दट्ट्याने नुसतं खाली जावं. आणि कुठला कोपरा कुठल्या कोपऱ्यात बसतो ते विसरू नये म्हणून मंजुश्रीच्या नेलपॉलिशचा एक ठिपका दट्ट्याला, एक नळ्याला दिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी गल्लीतल्या बाया जमल्या. गुरुबसप्पा स्वयंपाकघराच्या दाराआड उभे राहिले. मल्लम्मांनी भाजणीचं पीठ भरलं, ठिपक्याला ठिपका लावला आणि मूठ फिरवली. चकली पडली. दुसरी पडली. मल्लम्मा थांबल्या, सोऱ्या उघडला, आत पाहिलं आणि पुन्हा बंद केला.

"जावईबापू, ह्याच्यात पीठ फिरंना की."

"तेवढं जरा चालवून घ्या, अव्वा. मी काय म्हणतो..."

"चालवून काय घ्या?" मल्लम्मा म्हणाल्या. "आजपतूर दांडा फिरला की दट्ट्या फिरायचा, दट्ट्यासंगं पीठ गरगरायचं अन् चकली तुटायची. माझा जलम तुटक्या चकल्या जोडण्यात गेला. आज एक तुटली न्हाई. अय्यो शिवने, सासूबी बघती तर खूश झाली असती."

सगळ्या बाया सोऱ्याभोवती गोळा झाल्या. तहसीलमध्ये नोकरीला असलेल्या शेजारच्या प्रियदर्शनीताईंनी नळ्यात डोकावून पाहिलं. "काका, हे तीन कोपरे तुम्ही मुद्दाम केलेत?"

खरं बोलायची हीच वेळ होती. पण शरणम्मा त्यांच्याकडे बघत होत्या, आणि त्यांच्या डोळ्यांत चक्क अभिमान होता. हा अभिमान लाटण्याला मिळाला नव्हता, भोवऱ्यांना तर नाहीच.

"मंग काय," गुरुबसप्पा म्हणाले. "त्याचं गणितच असतं तसं."

"मग माझ्याही सोऱ्याला करून द्या."

"आधी माझ्या," शरणम्मा म्हणाल्या. "घरातलं मशीन हाय."

रुखवत थाटात झालं. चकल्यांची चळत बघून औशाचे व्याही दोनदा त्या टेबलापाशी येऊन गेले. मंजुश्री सासरी गेली, सासूबाई सोऱ्या घेऊन उदगीरला गेल्या, आणि लेथ पोर्चमध्येच राहिला. पण गुरुबसप्पांच्या मनाला ते तीन कोपरे टोचत होते. गोल करायला घेतलेली वस्तू तिकोनी झाली, हे त्यांना एकट्याला ठाऊक होतं. म्हणून बायकोचा सोऱ्या हातात घेण्याआधी ते पातळ वस्तू धरायची रीत शिकले. पुस्तकं वाचली, व्हिडिओ पाहिले. जबडे पातळ नळ्याला थेट लावायचेच नाहीत. नळ्याभोवती जाड सागवानी कडं घालायचं, त्याला एका बाजूने चीर द्यायची, म्हणजे दाब सगळीकडून सारखा पडतो. चावी हातानेच फिरवायची आणि कट घ्यायचे ते हलके हलके. साहेबरावांनाही त्यांनी हे समजावलं. साहेबराव म्हणाले, "अप्पा, हे आधी कामून न्हाई कळलं आपल्याला?"

शरणम्मांच्या सोऱ्यावर ते दोन दिवस बसले. चक सैल केला, कडं काढलं, दट्ट्या नळ्यात सोडला. तो अडला नाही आणि पडलाही नाही. आतली हवा फुस्स करत बाहेर सोडत तो संथपणे खाली उतरला. कुठल्याही बाजूने घाला, कसाही फिरवा, तसाच उतरत होता. गुरुबसप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या हातून एक वस्तू पूर्ण गोल झाली होती.

शरणम्मांनी लगेच पीठ भरलं आणि मूठ फिरवली. दांडा फिरला, दट्ट्या फिरला, पीठ फिरलं. चकली अर्धी पडली आणि तुटली.

"हे काय करून ठिवलाव?"

"अगं, गोल हाय. एकदम गोल. बोट फिरवून बघ."

"गोल तर आधीबी व्हता. अव्वाच्यावानी करा म्हणलं व्हतं न्हवं?" शरणम्मांनी तुटकी चकली त्यांच्यापुढे धरली. "अव्वाचा तेवढा मन लावून केलाव. बायकोचा मंग कसाबी." त्या आत जायला वळल्या आणि दारातून म्हणाल्या, "भंगारवाल्याचा नंबर हाय अजून माझ्याकडं."

पोर्चच्या कठड्यावर प्रियदर्शनीताईंचा सोऱ्या वाट बघत होता. त्याच्या शेजारी समोरच्या घरातला, आणि त्याच्या शेजारी कुणाचा होता ते गुरुबसप्पांना ठाऊकही नव्हतं. त्यांनी सागवानी कडं पुसून फळीवर ठेवलं. मग बायकोचा सोऱ्या तसाच उघडा जबड्यांत धरला, चावी हाताने फिरेनाशी होईपर्यंत आवळली आणि कोपऱ्यातला पाईप आणायला गेले.