कॅन्सलवाले वानखडे भाऊ

आमच्या शेजारचे वानखडे भाऊ बुकिंग करतात ते कॅन्सल करण्यासाठीच. दुसरा कोणताही उद्देश मला आजवर सापडलेला नाही. पुण्याच्या गाडीचं तिकीट काढतील, चार घरी सांगतील, बॅग भरतील आणि निघायच्या दिवशी दुपारी ओट्यावर बसून, सदऱ्याला मोबाईल पुसत मला म्हणतील, "कॅन्सल करून टाकलं वयनी. झंझटच नाई!"

एकदा भर मे महिन्यात कूलर मागवला. अमरावतीच्या वलगाव रोडचं ऊन, वर पत्रे. कूलरवाला घामाघूम होऊन तो दारात उतरवतोय, तेवढ्यात हे म्हणाले, "घेऊन जा बाप्पा, कॅन्सल. भल्ला आवाज करते हा." अहो, तो अजून खोक्यातून निघालासुद्धा नव्हता! त्या माणसानं जे ऐकवलं ते मी इथे लिहू शकत नाही, पण मनातून मी त्याच्याच बाजूची होते. लोकांना हुरड्याला बोलावणार आणि आदल्या संध्याकाळी कॅन्सल. दाताच्या डॉक्टरची वेळ तर इतक्यांदा कॅन्सल केली की शेवटी दाढ कंटाळून आपली आपण पडली. "पाहा, वाचलो ना?" म्हणत वर तोंड उघडून दाखवलं.

भाऊ सूतगिरणीत टाइमकीपर होते. लोकांना उशीर झाला की लाल शेरा मारायचा, हे काम. मग गिरणीच बंद पडली. मुलगा पुण्याला. त्याला बाळ झालं तेव्हा भाऊंची बायको "दोन महिने जाऊन येते" म्हणून गेली, ती बाळ शाळेत जायला लागलं तरी तिकडेच आहे. भाऊंना कोणी या म्हणत नाही असं नाही. म्हणतात, पण "जागा लहान आहे" हेही त्याच दमात म्हणतात. मग तिकीट कॅन्सल होणार नाही तर काय होणार!

घरात उरली धाकटी स्वाती. नांदगाव पेठेच्या एका कापड कारखान्यात शिलाई तपासायच्या कामाला जाते. भाऊ तिला स्कूटरवर मागे बसवून अख्खी अमरावती ओलांडून सोडून येत आणि संध्याकाळी घेऊन येत. उन्हाळ्यात तोंडाला दुपट्टा, थंडीत कानटोपी. एवढं एक काम मात्र त्यांनी कधी कॅन्सल केलं नाही.

यंदा कारखान्यात एक जागा निघाली. गावोगावच्या शिलाई केंद्रांवर फिरून माल तपासायचा. पगार चांगला, दुचाकी कंपनीची, अट एकच, लायसन पाहिजे. स्वाती मला म्हणाली, "काकू, हे भेटलं ना, तर कोणाच्या तोंडाकडे पाहायचं काम नाई मले." गाडी ती छान चालवत होती, भाऊंनीच शिकवलेली. लर्निंग लायसन हातात होतं. पक्क्यासाठी तिनं टेस्टची तारीख घेतली.

आदल्या दिवशी भाऊ म्हणाले, "मेसेज आला, टेस्ट कॅन्सल. सायेब सुट्टीवर हाय." दुसरी तारीख घेतली. "सर्व्हर डाऊन हाय म्हणते." पोरगी रडकुंडीला आली. मी सरकारला यथेच्छ शिव्या घातल्या. मला त्याला फारसं निमित्त लागत नाही.

तिसऱ्या वेळीही भाऊंनी मेसेज आल्याचं सांगितलं, तेव्हा मी म्हटलं, मेसेज गेला खड्ड्यात! चल, मी येते. ऑटो करून आम्ही दोघी आरटीओत गेलो. खिडकीतल्या बाईंनी अर्ज क्रमांक टाकला आणि चष्म्यावरून स्वातीकडे पाहिलं.

"ताई, कॅन्सल तर तुमीच केली ना! आधीच्या दोनही तुमच्याकडूनच झाल्या. ओटीपी टाकल्याशिवाय होतच नाई ते."

"ओटीपी कोणत्या नंबरवर गेला?" मी विचारलं.

बाईंनी शेवटचे आकडे वाचले. वानखड्यांच्या घरी गॅसपासून रेशनकार्डापर्यंत सगळीकडे एकच नंबर, भाऊंचा. ते आकडे ऐकून स्वाती बाकावर जाऊन बसली. तिथूनच तिनं कारखान्यात फोन लावला, अजून थोडे दिवस थांबा म्हणून. जागा सकाळीच अंजनगाव सुर्जीच्या एका मुलीला दिली होती. तिच्याकडे लायसन होतं.

घरी येईस्तोवर माझं डोकं असं तापलं होतं! भाऊ ओट्यावर तूर निवडत बसले होते.

"भाऊ, लाज वाटते का काही? पोटच्या पोरीचं कॅन्सल करता?"

"चुकून दबलं असंल हो."

"तीनदा?"

भाऊ सुपातले खडे उगाच इकडून तिकडे करत राहिले. मग खालमानेनंच बोलायला लागले.

"घरी बोलत नाई हो पोरगी. आली का मोबाईल, जेवली का मोबाईल. काई इचारलं का नुसतं 'हं' म्हणते. गाडीवर मोबाईल पायता येत नाई ना वयनी, मंग मांगं बसून बोलते. कोणती पोट्टी कोणाशी भांडली, डब्यात कोणी काय आणलं, सारं सांगते. माया खांद्यावर हनुवटी ठिवून. तेवढंच तं हाय मले दिवसाचं. लायसन भेटलं का गेली ना ते आपली आपली."

माझा राग गेला असं नाही. उलट वाढला. पण तो काढावा कोणावर? पुण्यावर, मोबाईलवर, का ह्या सूप धरून बसलेल्या माणसावर? भयंकर वाईट वाटलं मला, आणि वाईट वाटतंय याचाही राग आला.

स्वाती दारातच उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"बाबा, तोंडानं सांगायचं होतं ना. मी का गोटा आहो?"

"सांगतलं असतं तं काय केलं असतं तुनं?"

तिनं विचार केला. खरोखर केला, मी पाहत होते. "मालूम नाई," म्हणाली आणि आत निघून गेली.

नव्या तारखेला तिनं स्वतःचा नंबर टाकला. टेस्टच्या सकाळी मी पुन्हा ऑटो बोलवायला निघाले तर म्हणाली, "राहू द्या काकू, बाबा नेतेत." मला बरं वाटलं. मिटलं एकदाचं, असंच मी समजले.

दुपारी स्कूटर परत आली तेव्हा स्वाती पुढे होती आणि भाऊ मागे. गाडी लावून ती सरळ घरात गेली. भाऊ माझ्या फाटकाशी थांबले.

"पास झाली वयनी. उद्यापासून गाडी पोरगीच नेईन कामावर." मग कौतुकानं म्हणाले, "चांगली चालवते हो! खड्डा आला तरी आपल्याले समजत नाई."

"काही बोलली का तुमच्याशी?"

"जातानी काईच नाई. इथून आरटीओपर्यंत मांगं बसून होती, मोबाईल बॅगीत, पण मुकी. मीच बडबड केली." मग सदऱ्याला मोबाईल पुसत म्हणाले, "येतानी बोलली."

"काय म्हणाली?"

"'नीट धरून बसा बाबा' म्हणली. मंग मी बसलो धरून."