बकाराम काकाजींची पाचर

भिलाईजवळ चरोद्याच्या रेल्वे कॉलनीत आमचं सामान उतरलं त्या दिवशी शेजारच्या क्वार्टरमधून एक उंच, वाळका माणूस आला. नमस्कार-चमत्कार काही न करता आमच्या लोखंडी पेटीसमोर उकिडवा बसला आणि बोटाच्या पेराने पेटीवर टकटक केलं. मग बादलीवर केलं. मग सायकलीच्या चाकावर. शेवटी माझ्या बायकोच्या, कमलच्या, माहेरचा पाण्याचा पितळी गुंड वाजवला आणि तिच्याकडे बघून खुशीने मान डोलावली.

"हा बोलते," तो म्हणाला. "पेटी नाही बोलत. खालून सडली हाय. कपडे नोका ठेवू."

पेटी उलटी करून पाहिली. खालून सडली होती.

हे बकाराम काकाजी. भंडाऱ्याकडचे, आमच्याच भागातले. भिलाईचा पोलादाचा कारखाना उभा राहत होता, त्याच्यासाठी आमचं यार्ड उभं राहत होतं, आणि त्या यार्डात काकाजी चाकं ठोकत. लांब दांड्याची हातोडी घेऊन उभ्या गाडीच्या कडेकडेने चालायचं, प्रत्येक चाकावर एक ठोका द्यायचा आणि आवाज ऐकायचा. चाक धड असेल तर घंटेसारखं वाजतं. तडा असेल तर भद्द. भद्द वाजलं की काकाजी डब्यावर खडूने खूण करत. म्हणजे डबा 'सिक' झाला, गाडीतून काढून दुरुस्तीच्या लायनीवर जाणार. माझं काम त्याच गाड्यांच्या डब्यांचे नंबर उतरवायचं. त्यामुळे दिवसभर त्यांची टणटण ऐकायची, आणि घरी आलो की पुन्हा टकटक. ते पाण्याचा ग्लास वाजवूनच तोंडाला लावत. बाजारात कोहळं घेण्याआधी वाजवत. एकदा मला खोकला झाला तर माझी पाठ वाजवली आणि म्हणाले, "बोलते. काही नाही झालं."

लोक हसायचे. पण कॉलनीत कुणी नवी कढई आणली की आधी काकाजींकडे पाठवायचे.

त्या वर्षी उन्हाळ्यात रेल्वेने जुने लाकडी स्लीपर काढून टाकले आणि सरपणासाठी ते नोकरमाणसांना मिळाले. आमच्या दोन क्वार्टरांच्या वाट्याला सात आले. साल झाडाचं लाकूड, वर्षानुवर्षं रुळाखाली दबलेलं, तेल प्यायलेलं. पावसाळ्याआधी फोडून ठेवलं तर चार महिन्यांची चिंता मिटली असती. काकाजी कामावर गेले की त्यांच्या घरच्या वच्छला काकू पदर खोचायच्या आणि कुऱ्हाड घ्यायच्या. काकाजींनी त्या दिवशीही सकाळी कुऱ्हाड वाजवून पाहिली होती. मी दात घासत होतो, माझ्या देखत.

"बोलते," म्हणाले आणि ड्यूटीवर गेले.

दुपारी मी जेवायला घरी आलो होतो. कमलला सातवा महिना चालू होता. ती उंबऱ्यावर बसून तांदूळ निवडत होती. अंगणात काकूंनी कुऱ्हाड उगारली, खाली आणली, आणि खाड् असा काही तरी विचित्र आवाज झाला. काकूंच्या हातात नुसता दांडा. पातं कुठे गेलं तेच कळेना. मग कमलने हळूच मान वर केली. तिच्या डोक्याच्या वीतभर वर, आमच्या दाराच्या चौकटीत पातं रुतलं होतं. दांडा बसतो तिथलं लोखंड तडकून उघडलं होतं. तडा जुना होता, आतून गंजून काळा पडलेला.

काकू मटकन खाली बसल्या. कमलने सूप बाजूला ठेवलं, आत गेली आणि भिंतीकडे तोंड करून निजली.

काकाजी घरी आले. चौकटीतलं पातं त्यांनी दोन हातांनी हलवून काढलं. तडा पाहिला. आम्हाला वाटलं आता काकूंवर ओरडतील, लोहाराला शिव्या घालतील. त्यांनी पातं फडक्यात गुंडाळलं, आत ठेवलं आणि तीन दिवस कुणाशी बोलले नाहीत. त्या तीन दिवसांत त्यांनी घरातली एकही वस्तू वाजवली नाही. मला ते जास्त भीतीदायक वाटलं.

चौथ्या दिवशी अंगणात येऊन म्हणाले, "बाबू, आता कुऱ्हाड नोको. जे उडते ते घरात नोको. पाचर घेऊ. लोखंडाची पाचर अन् घण. लाकडात ठोकली की तिथंच राहते."

ही बातमी कॉलनीभर झाली आणि जो तो सल्ला द्यायला आला. शेजारचे बंगाली गार्डसाहेब म्हणाले, करवत घ्या. फायरमन अप्पाराव म्हणाले, त्यांच्या गावाकडे अशी लाकडं आधी वर्षभर वाळवतात. आणखी एकाने भिलाईच्या वर्कशॉपमधून जाड पोलादाचा तुकडा 'असाच' आणून द्यायची तयारी दाखवली. त्याच्याकडे काकाजींनी असं पाहिलं की तो चहा अर्धा टाकून गेला.

"विकत घेईन," काकाजी म्हणाले. "पाहून घेईन."

पण घेईनात. एक रविवार गेला, दुसरा गेला. स्लीपर अंगणात तसेच. काकू गोवऱ्या आणि वाळल्या काटक्यांवर भागवत होत्या. आमच्या घरी तर रोजच धूर आणि रोजच कच्च्या भाकरी. कमल त्या चौकटीखालून जाताना पोटावर हात ठेवायची. मी एकदा चिडून विचारलं, "काकाजी, पाचर घ्यायला इतके दिवस कावून?"

"घाई कावून करता?" ते म्हणाले, आणि नजर दुसरीकडे वळवली.

यार्डातही काही ठीक नव्हतं. काकाजी पूर्वी पन्नास डब्यांची गाडी सरसर तपासत. आता एकेका चाकावर चार-चार ठोके देत. सिक डब्यांची रांग वाढत चालली होती. दुरुस्तीवाले बोंबलत होते की निम्म्या डब्यांना काही झालेलंच नाही. तपासणीचे साहेब, मद्रासकडचे, कडक माणूस, त्यांनी काकाजींना दोनदा बोलावून झापलं. कारखान्याला लोखंडाचा दगड पोचला पाहिजे, डबे असे बाजूला ठेवून कसं चालेल?

तिसऱ्या रविवारी काकाजी म्हणाले, "बाबू, चला दुर्गले. तुमी संग असले तं बरं."

लोकलने दुर्गला गेलो. बाजाराच्या कडेला एक म्हातारा लोहार बसायचा. बायको भाता ओढत होती. समोर पोत्यावर सात-आठ पाचरी मांडल्या होत्या. काकाजींनी खिशातून सुतळी काढली, पहिली पाचर बांधून हवेत लोंबती धरली आणि सोबत आणलेल्या हातोडीने ठोका दिला. मग माझ्याकडे पाहिलं. दुसरी बांधली, ठोका, माझ्याकडे पाहिलं. तिसरी. चौथी. पुन्हा पहिली.

लोहाराने हातातलं काम थांबवलं आणि छत्तीसगढीत विचारलं, "का बजावत हस गा? मंदिर के घंटी आय का?"

बघे हसले. काकाजींच्या कपाळावर घाम आला होता. त्यांनी पाचवी वाजवली.

"लेबे त ले, नइ ते आघू बढ!" घ्यायची तर घे, नाही तर पुढे हो, म्हणत लोहार उठून उभा राहिला. चिमटा त्याच्या हातात होता आणि चिमट्याचं टोक अजून लाल होतं. "मोर लोहा ल खोटा कहिबे?"

"खोटं कोणी म्हणलं?" काकाजी मराठीतच म्हणाले. पाचवी पाचर अजून गोल गोल फिरत होती. त्यांनी तिला पुन्हा ठोका दिला. आवाज घोगरा आला, माझ्यासारख्या अडाण्यालाही कळावा इतका. माझं तोंड वाकडं झालं. काकाजींनी लगेच ती खाली ठेवली.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. ते लोखंड ऐकत नव्हते. ते माझा चेहरा बघत होते.

लोहार शिव्या देत होता, माणसं जमत होती, आणि काकाजी सहावी पाचर धरून माझ्याकडे बघत उभे होते. तिच्यावर ठोका पडला. स्वच्छ, लांब आवाज. मी मान हलवली.

"हीच," काकाजी म्हणाले. लोहाराने सांगितलेली किंमत बिनबोभाट दिली, घणही घेतला. लोहाराला राग कुठे ठेवावा कळेना. त्याने पाणी विचारलं.

स्टेशनवर बाकावर बसलो. समोर गाडी लागलेली होती. गार्डाने शिट्टी मारली. जन्म रेल्वेत गेलेला माणूस, तो शिट्टीला हलला नाही. मी उठलो ते पाहून उठला. धावत डब्यात चढलो आणि दाराशीच उभे राहिलो.

मी त्यांच्यासमोर तोंड नेऊन विचारलं, "कधीपासून, काकाजी?"

ते बाहेर बघायला लागले. "सात-आठ महिने झाले," म्हणाले. "मोठा आवाज येते. इंजिन येते, तुमी येता. बारीक येत नाही. चाकाचा तो शेवटचा आवाज हाय ना, लांब जाते तो... तो नाही येत. म्हणून घरात वाजवून पाहतो. कधी वाटते, आज आला. नसते आला."

"आणि गाडी?"

"संशय आला का सिक करतो. आतापावतर एक खराब डबा सोडला नाही, बाबू. चार वेळा ठोकतो, हात लावून पाहतो. कुऱ्हाडीले नाही लावला हात. घरचीच म्हणून. कमलबाईले काही झालं असतं तं?"

उतरताना त्यांनी माझा दंड धरला. "घरी सांगू नोका. हिले समजलं तं जिवाले लावून बसन."

मी सांगितलं नाही, आणि ते दोन दिवस माझ्या आयुष्यातले वाईट दिवस होते. नंबर उतरवताना प्रत्येक चाक मला तडकलेलं दिसायचं. साहेबांना सांगावं तर शेजारच्या घराचा घास काढून घेतल्यासारखं, न सांगावं तर उद्या एखाद्या पुलावर काय होईल कोण जाणे. मंगळवारी ठरवलं, दुपारी त्यांना घेऊनच साहेबांकडे जायचं.

त्याची वेळ आली नाही. सकाळीच खाणीवरून दगडाची भरलेली गाडी आली होती. कारखाना वाट बघत होता. काकाजी एका टोकाने निघाले, मी दुसऱ्या. मधोमध पोचलो तर ते एका चाकापाशी उभे. ठोका. पुन्हा ठोका. हात लावला. पुन्हा ठोका. इंजिनाने शिट्टी दिली. रूळ बदलणारा पॉइंट्समन ओरडला. पाच मिनिटं झाली, दहा झाली. खडू त्यांच्या हातात होता, पण ते खूण करीनात आणि पुढेही जाईनात. साहेब लांबून तरातरा आले.

"बकाराम! क्या हुआ? गाड़ी क्यों रोका?"

काकाजींनी हातोडी दोन्ही हातांवर आडवी धरली आणि साहेबांपुढे केली.

"साहब, ये चक्का अच्छा है कि खराब है, मेरेको समझता नहीं. मेरेको सुनाई नहीं देता."

साहेबांनी हातोडी घेतली आणि चाकावर मारली. चाक खणखणीत वाजलं. धड चाक होतं.

पॉइंट्समन हसायला लागला होता, साहेबांनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. मग काकाजींना म्हणाले, "घर जाओ. कल आना, दूसरा काम देखेंगे." आणि कोट काढून माझ्या हातात देऊन उरलेली गाडी त्यांनी स्वतः तपासली. पुढे चार दिवसांनी त्यांनीच मला सांगितलं की सगळे कागद पाहिले, आठ महिन्यांत बकारामच्या हातून एकही खराब डबा सुटलेला नाही.

काकाजींना दिवे भरायच्या खोलीत काम मिळालं. सिग्नलच्या दिव्यांत तेल घालायचं, काचा पुसायच्या. पहिले काही दिवस ते मान खाली घालून जायचे आणि मान खाली घालून यायचे.

आल्यावर मात्र स्लीपर फोडायचे. पाचर टेकवायची, घण मारायचा. चार-पाच घावांत ते दगडासारखं लाकूड करकरत उघडायचं आणि आतून लालसर, कोरडं निघायचं. अर्धी मोळी ते न बोलता आमच्या भिंतीशी रचून ठेवत.

एका संध्याकाळी मी काकूंकडे आगपेटी मागायला गेलो. त्या चुलीशी बसल्या होत्या, तोंड दाराकडे. आमच्या सगळ्या क्वार्टरांत चूल मागच्या भिंतीला, म्हणजे बाई नेहमी दाराला पाठमोरी. काकूंची उलट्या बाजूला, दारातून येणाऱ्याच्या समोर. धूर सगळा घरात कोंडत होता.

"काकू, ही चूल कधी हलवली?"

"मागल्या पोळ्याले," त्या म्हणाल्या. अंगणात घण चालू होता तरी त्यांनी आवाज खाली घेतला. "पाठमोरी बोललं तं त्याईले समजे ना. मंग मीच इकडं तोंड केलं."

"म्हणजे तुम्हाला तेव्हापासून... मग त्यांना बोलला का नाहीत?"

काकूंनी जाळ पुढे सारला.

"यार्डात दिवसभर भिऊन राहात बाप्पा," त्या म्हणाल्या. "मी बोलली असती तं घरातबी भिऊन राहिले असते."