मौजे हर्सूल येथील कोंबड्यांची निवड व जावयाचा पाहुणचार

हर्सूलच्या तळ्यास आणि परसातील शेवग्यास साक्ष ठेवोन, जैसे घडले तैसे, पदरचे काही न घालता लिहिले असे.

राजश्री तात्यासाहेब, कोर्टाचे निवृत्त नाझर, हर्सुलास घर बांधोन राहिले होते. एकुलत्या लेकीचे लग्न जाहले, ती नाशकास सासरी गेली आणि घर ऐसे मुके पडले की, भिंतीवरील घड्याळाची टिकटिक स्वयंपाकघरापर्यंत ऐकू यावी. तात्यासाहेबांनी वर्तमानपत्र वाचावे, मनकर्णाबाईसाहेबांनी भाकरी थापावी, आणि "जेवता का?" "वाढा" इतकीच दिवसभराची बातचीत. मग एके दिवशी बाईसाहेबांनी अर्ज गुदरला, "परसात कोंबड्या तरी ठिवा. काहीतरी हलतं-बोलतं पाह्यजे का नाय घरात?"

ही मसलत तात्यासाहेबांस बहुत मानवली. परंतु कोणत्या जातीची फौज ठेवावी, येथे दुही पडली. बाईसाहेबांचे म्हणणे, गावरानच आणावी, ती अंड्यांवर बसते आणि पिले वागवते. तात्यासाहेबांचे म्हणणे, गावरान तर गल्लीत कोणीही बाळगतो, नाझराच्या परसात नामांकित जात पाहिजे. ऐसे म्हणोन खासा स्वारी स्कुटरवर बसोन छावणीच्या बाजारी गेली आणि गिरिराजा जातीची पलटण टोपल्यात घालोन घेऊन आली.

पलटण दिसण्यात थोर. अंगाने धिप्पाड, पिसारा रंगीबेरंगी, चाल डुलत डुलत, आणि अंड्यांस तोटा नाही. परंतु अंडे घातले की पाठ फिरवावी, उबवण्याची वार्ता नाही. आणि देह ऐसा जड की, खुराड्यातल्या दांडीवर चढण्यास बळ पुरेना, म्हणोन सगळ्या खालीच बसत. मग एके सांजेस मुंगसाने छापा घातला. गिरिराजा कोंबडा गनिमास पाहोन जो उभा राहिला तो उभाच राहिला, आणि त्याच्या शेजारची कोंबडी मुंगसाने ओढोन नेली. तात्यासाहेबांस त्या दिवशी घास उतरला नाही.

परंतु हार मानतील ते नाझर कसले! त्यांनी दुसरी मोहीम मांडोन कडकनाथ आणिले. पीस काळे, चोच काळी, तुरादेखील काळा, आणि अंग ऐसे चपळ की टोपल्याचे झाकण निघताच तमाम कडकनाथ कंपाउंडाची भिंत ओलांडोन शेजारी बद्रीनाथ यांच्या मेथीच्या वाफ्यात जाऊन दाखल जाहले. तात्यासाहेबांनी लुंगी खोचली आणि पाठलागार्थ भिंतीवर चढले, आणि मग त्यांस पुढे उतरता येईना आणि मागेही येता येईना. खालून बद्रीनाथ वदले, "तात्या, तुम्ही बसा वरीच, म्या हाकलतो तुमच्या काळ्यास्नी." बाईसाहेब दारात होत्या. त्यांनी पदर तोंडास लावला, तरी हसू फुटलेच, आणि त्या डोळ्यांस पाणी येईतो हसल्या. लेक गेल्यापासोन ऐसे हसणे या घरी जाहले नव्हते. तात्यासाहेबांस भिंतीवर बसल्या बसल्या राग यावयाचा, तो आलाच नाही.

त्याउपर बाईसाहेब फर्दापुराकडे माहेरी गेल्या आणि येताना काखेत एक गावरान कोंबडी घेऊन आल्या. तीस मानेवर एकही पीस नव्हते. तात्यासाहेब नाक मुरडोन म्हणाले, "हिची मान बघा की उघडी! ही कसली कोंबडी?"

"तुमच्या डोक्यावर तरी कुठं काय हाये? मी नांदतेच ना?"

यावर नाझरसाहेबांनी खुराड्याचे दार उघडोन दिले.

ती उघड्या मानेची लवकरच खुडुक बसली. बाईसाहेबांनी तिच्याखाली तिची आणि कडकनाथांची अंडी एकत्र ठेविली. मग पिले निघाली, काही तांबूस आणि काही कोळशासारखी काळी, आणि तिने कोणास सावत्र म्हटले नाही. मुंगूस फिरोन आले तेव्हा पंख फुलवोन ती ऐशी अंगावर गेली की, गनीम नाकावर चोच खाऊन गटारीच्या वाटेने पळाला. तात्यासाहेबांनी हे आपल्या डोळ्यांनी पाहिले, आणि दुसरे दिवसापासोन ज्वारीची पहिली मूठ तिच्यापुढे पडू लागली.

इतक्यात आषाढ सरत आला आणि लेक व जावई बन्सीराव येतात ऐसी खबर आली. श्रावण तोंडावर, जावई पहिल्यांदाच आखाडाच्या जेवणास येणार, तेव्हा कोंबडीचा बेत चुकविता येईना. परंतु कोणती द्यावी? बाईसाहेबांनी गिरिराजा कोंबडीकडे पाहोन मान हलविली, "हिची अंडी तर रोज खातो आपण." कडकनाथास हात लावू देण्यास तात्यासाहेब राजी होईनात. उघड्या मानेचे तर नावच निघाले नाही. राहिला गिरिराजा कोंबडा, तो कुचकामी, त्याच्यावर उभयतांचे एकमत जाहले.

मग तात्यासाहेब सुरी पाठीमागे धरोन परसात गेले. कोंबड्याने पळावे, तर तो डुलत डुलत जवळ आला आणि दाणे मिळतील म्हणोन त्यांच्या रिकाम्या मुठीत चोच घालू लागला. तात्यासाहेबांचा हात उठेना. ते घरात येऊन खाली मान घालोन बोलले, "हा भित्रा नाय हो. हा भोळा हाये."

बाईसाहेबांनी सुरी काढोन घेतली आणि त्याच सुरीने कांदा चिरावयास घेतला. "मला तरी कुठं झालं असतं खायला? ह्यानं लई लळा लावलाय."

पंगत बसली. ताटात लालभडक रस्सा आला. बन्सीरावांनी चमचा फिरवोन फिरवोन पाहिले आणि अदबीने विचारिले, "मामी, कोंबडीचा बेत होता ना?"

"कोंबडीचाच हाये की," बाईसाहेब वदल्या. "अंडी तिचीच हायेत."

लेक पदराआड हसो लागली. सासरेबुवा गंभीर मुद्रेने भाकरी मोडत राहिले.

येणेप्रमाणे मोहीम तडीस जाऊन ठराव जाहला की, गिरिराजा अंड्यांकरिता, कडकनाथ रुबाबाकरिता आणि उघड्या मानेची सरदारकीकरिता पसंत असे. कोंबडा कोणत्याही कामाकरिता नसोन पसंत असे. परसात सुरी नेण्यास मनाई असे. बाईसाहेबांची व तात्यासाहेबांची फत्ते जाहली, फौज सलामत राहिली. नाशकास परतताना जावई छावणीतील एका खानावळीत चिकन हंडी खाताना दृष्टीस पडले म्हणतात. त्याची चौकशी करो नये, ऐसा बाईसाहेबांचा हुकूम आहे.