घुमा की घुन्ना

वाचनालयाच्या भिंतीवर पेंटरनं सुबक अक्षरांत ‘कीप सायलेन्स’ लिहिलं. दुसऱ्याच दिवशी धोटे सर खडू घेऊन स्टुलावर चढले, ‘सायलेन्स’वर काट मारली आणि खाली ‘क्वाएट’ लिहिलं. मी तेव्हा शाळेचा प्रभारी प्राचार्य होतो. त्यांना अडवायचं सोडून मी स्टूल धरून उभा होतो, कारण ते हलत होतं.

“सायलेन्स म्हणजे आवाजच नाही,” ते वरून म्हणाले. “इथं पंखा फिरून राहिला, पोरं पानं उलटवून राहिले. पोरांले क्वाएट मागा. सायलेन्सच पाहिजे असन तर बोर्ड मोक्षधामात लावा.”

मधुकर धोटे आमच्या पांढुर्ण्याच्या शाळेत इंग्रजी शिकवायचे, मी गणित. एरवी दिवसभरात त्यांची दहा वाक्यं होत नसत. ‘नमस्कार’ला मान, ‘येता का’ला मान, ‘येत नाही का’लाही तीच मान. पण गप्प राहण्यासाठीचा इंग्रजी शब्द कोणी चुकीचा वापरला की त्यांना कंठ फुटे. मग तास संपल्याची घंटासुद्धा त्यांना ऐकू येत नसे. न बोलण्याबद्दल इतकं बोलणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

“शेड पाहा, शेड,” हे त्यांचं पालुपद. शब्दाची शेड, म्हणजे अर्थाची छटा. गावात त्यांचं नाव ‘शेडवाले सर’ पडलं. एकदा लोधीखेड्याचे एक संत्रावाले त्यांचा पत्ता शोधत शाळेत आले. मालासाठी टिनाचं शेड टाकायचं होतं आणि कोणीतरी सांगितलं होतं की शेडचं इथले एक सर चांगलं पाहतात. धोटे सरांनी त्यांना बसवून घेतलं. अर्ध्या तासानं ते गृहस्थ बाहेर आले तेव्हा मला म्हणाले, “मास्तर हुशार आहे जी, पण टिनाचं काही बोललाच नाही.”

वर्गातली न बोलणारी पोरं त्यांनी वहीत वेगवेगळी लावली होती. बाकीचे शिक्षक अशा पोरांना सरसकट ‘ढ’ म्हणत. धोटे सर म्हणत, “शाय पोराले बोलाचं असते, पण भेव वाटते. रिझर्व्ड पोराले भेव नाही, तो अजून तुमाले पारखून राहिला. टॅसिटर्नले बोलाची गरजच वाटत नाही. आन् रेटिसेंटपाशी सांगासारखं खूप असते, तो सांगत नाही. चौघाईले एकच छडी कशी चालन?”

“आणि मी?” मी एकदा विचारलं.

“तुमी कॉशस. आपल्याले जपून बोलता.”

मला ती स्तुती वाटली. घरी येऊन बायकोलाही सांगितली.

पुतण्यासाठी मुलगी पाहायला ते तिगावला गेले, तेव्हा मीही सोबत होतो. मुलीचे वडील म्हणाले, “आमची सुषमा फार शांत आहे.” झालं. सरांनी हातातला पोह्याचा चमचा खाली ठेवला. “शांत म्हणजे? शेड सांगा. शाय का रिझर्व्ड?” वडील घाबरले, त्यांना वाटलं पोरीच्या तब्येतीचं काही विचारतात. आतून परद्यामागून आवाज आला, “सर, मी रिझर्व्ड होती. पण आता टॅसिटर्न होऊन राहिली.” मुलगी पूर्वी रोज तिगावहून गाडीनं आमच्याच शाळेत येत असे, सरांची विद्यार्थिनी. सरांनी पोहे न संपवताच होकार दिला. पुतण्याला विचारायचं राहून गेलं.

आता ती गोष्ट, जी सौंसर-पांढुर्ण्यात सगळ्यांना माहीत आहे. धोटे सर व्याख्याता का झाले नाहीत? पदोन्नतीच्या आधी मोठे साहेब शाळेत आले. सभेत गोंधळ झाला तसे साहेब इंग्रजीत ओरडले, ‘बी सायलेंट’. धोटे सर उभे राहिले आणि म्हणाले, ‘सर, क्वाएट.’ साहेबाला वाटलं, हा मलाच गप्प बसवतो आहे. नाव कटलं. लोक ही गोष्ट सांगतात आणि हसून हसून डोळे पुसतात.

ही गोष्ट खोटी आहे. साहेब त्या वर्षी शाळेत आलेच नव्हते. गोष्ट मी रचली. इतकी वर्षं लग्नाच्या पंगतीत, बसस्टँडवर, मीच ती रंगवून सांगत आलो.

घडलं ते असं. प्राचार्य म्हणून शिक्षकांच्या गोपनीय चरित्रावलीत शेरे मी लिहायचो. घरी आपण मराठी, पण मध्य प्रदेशात सरकारी कागद हिंदी. धोटे सरांच्या ‘स्वभाव’ या रकान्याशी मी अडलो. मला लिहायचं होतं की माणूस घुमा आहे, म्हणजे आपल्यातच राहणारा, पण कामाला चोख. घुम्याला हिंदीत काय म्हणतात? शेजारच्या खोलीत शब्दांच्या छटा सांगणारा शाळेतला एकमेव माणूस बसला होता. पण त्यांना विचारलं असतं तर पाऊण तास गेला असता. मी विचारलं नाही. ‘घुन्ना’ शब्द कानावरून गेलेला होता, घुम्याचा भाऊच वाटला. लिहिलं, ‘स्वभाव से घुन्ने हैं, परंतु कार्य में निष्ठावान।’

पदोन्नतीची यादी लागली तेव्हा त्यांचं नाव नव्हतं. मग एक दिवस मी सहज आमच्या हिंदीच्या मॅडमना त्या शब्दाचा अर्थ विचारला. त्या म्हणाल्या, “घुन्ना तो वो सर, जो मन में बैर पाले और मुँह से कुछ न कहे। किसके लिए बोल रहे हैं?”

“किसी के लिए नहीं,” मी म्हणालो.

एक चिठ्ठी वर पाठवली असती तर शेरा दुरुस्त झाला असता. पण त्या चिठ्ठीत लिहावं लागलं असतं की प्राचार्याला हिंदी येत नाही, आणि माझी स्वतःची कायम नेमणूक तेव्हा लटकलेली होती. चिठ्ठीऐवजी मी गोष्ट रचली. धोटे सर ज्या पदावर लागले त्याच पदावरून निवृत्त झाले.

मी आता सौंसरला राहतो. गेल्या महिन्यात इथंच एका लग्नात सुषमा, म्हणजे सरांच्या पुतण्याची बायको, भेटली. तिचीच पोरं आता कॉलेजात आहेत. “काकाजी, ते साहेबाची गोष्ट खरी आहे का हो? आमचे पोरं सरांले त्याच्यावरून चिडवतात. ते काहीच बोलत नाहीत.” मी मान हलवली. होकाराची. रसमलाईची वाटी हातात होती, ती तशीच टेबलावर ठेवून घरी आलो.

सकाळच्या बसनं पांढुर्ण्याला गेलो. सर ओट्यावर वाटाणे सोलत होते. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, घुन्नापासून रसमलाईपर्यंत. त्यांनी शेवटची शेंग सोलून घेतली.

“मले मालूम होतं,” ते म्हणाले. “हापिसातल्या बाबूनं तवाच दाखवला होता कागद.”

“मग विचारलं काहून नाही मले?”

“विचारलं असतं तर तुमाले सांगा लागलं असतं, चुकून लिहिला का जाणून.” ते ताटातले वाटाणे हातानं सारखे करत राहिले. “जाणून म्हणाले असते, तर मंग मी डबा कोणासंग खाल्ला असता?”

दुपारचा डबा आम्ही दोघं प्रयोगशाळेत खात असू, रोज, अकरा वर्षं. नोकरीला लागल्यावर दुसऱ्याच वर्षी त्यांची पत्नी वारली होती. डब्यात बहुतेक भाकर आणि तिखट असायचं. त्या शेऱ्यानंतर मी भाजी त्यांच्याकडे सरकवायचो आणि मनात म्हणायचो की तेवढी तरी भरपाई होते आहे.

“आता विचारतो,” ते म्हणाले. “चुकून होता का?”

“लिहिला तो चुकून. राहू दिला तो जाणून.”

गल्लीतून भाजीची गाडी ओरडत गेली. मी बसची वेळ पाहिली नाही.

“हे लिहून द्या,” शेवटी ते म्हणाले. “सुषमाच्या पोराईले वाचता आलं पाहिजे. आन् मराठीत लिहा. तुमच्या हिंदीचा मले भरोसा नाही.”

म्हणून हे लिहिलं. त्या दिवशी मी ओट्यावरून उतरून चपला घालत होतो तेव्हा ते ताट घेऊन दारात उभे राहिले.

“लिहून झालं का घेऊन या. पण बारा वाजता या, जेवाच्या वक्ती. तवा मी एकटाच राह्यतो.”