गोदाक्काचं मेण आणि दिगंबररावांचा अनुभव

मुलांनो, चुळबुळ पुरे. मांडी घालून बसा. मागच्यांनी शेपट्या ओढायच्या नाहीत.

एका जंगलात एक पिस्तूल होतं. कुणी एक शिकारी वाघ दिसताच ते टाकून पळाला होता. पिस्तूल जुन्या चालीचं, ठासणीचं. हल्लीसारखी तयार काडतुसं त्यात चालत नसत. त्याच्या फिरत्या चाकाला सहा घरं होती. प्रत्येक घरात काळी दारू घालायची, वर शिशाची गोळी ठासायची आणि मागे तांब्याची इवलीशी टोपी बसवायची. घोडा टोपीवर आपटला की धडाम!

दर बाजाराच्या दिवशी सकाळी तळ्याच्या बांधावर पाच बार काढायचा रिवाज होता. ते ऐकून टेकडीपलीकडची रानकुत्री अलीकडे फिरकत नसत.

हे काम गोदाक्का अस्वलीण करायची. वीस वर्षं करत होती आणि त्याचा तिला मोठा अभिमान होता. दुसरं काही तिला येतही नव्हतं.

तिची तऱ्हा फार किचकट. आधी सगळ्यांना मागे उभं करायची. जवळपास विडी पेटलेली दिसली तर विडीवाल्याला तळ्यात ढकलायची. दारू मापून घालायची. गोळी दारूला टेकेपर्यंत दाबायची, मध्ये फट ठेवायची नाही. मग प्रत्येक गोळीवर मधाच्या पोळ्याचं मेण तेलात मळून लिंपायची. टोप्या अगदी शेवटी, तेही नळी बांधाकडे करून. सहावं घर रिकामंच ठेवायची आणि घोडा त्या रिकाम्या घरावर टेकवायची.

एके दिवशी दिगंबरराव वानर शहरातून परतले. शहरात ते तीन वर्षं एका कचेरीच्या गच्चीवर राहिले होते. त्यामुळे सिंहमहाराजांनी त्यांना लगेच तपासनीस नेमलं.

"गोदाक्का, वीस वर्षांत अपघात किती?" दिगंबररावांनी विचारलं.

"एक बी न्हाई, रावसाहेब."

"मग हे मेण कशाला?"

"अवो, एका घराचा जाळ शेजारच्या घरात शिरू नये म्हणून. न्हाईतर सगळी घरं एकदमच उडतील."

"कधी उडालीत?"

"न्हाई."

"म्हणजे धोका नाही," दिगंबरराव म्हणाले आणि तसं लिहूनही टाकलं. "आणि सहावं घर रिकामं का? एवढं चांगलं घर वाया घालवता!"

"धक्का लागून घोडा आपटला तर बार नको व्हायला."

"कधी झालाय?"

झालं नाही ते दाखवायचं कसं, हे गोदाक्काला सुचेना.

पुढच्या बाजारी हुकूम आला. मेण बंद, सहाही घरं भरायची. गोदाक्काने साफ नकार दिला. "माज्या हातनं हे व्हायचं न्हाई," ती म्हणाली. महाराजांनी तिला कामावरून काढलं. ती बिचारी हात जोडून एवढंच म्हणाली, "मंडळी तरी मागं उभी करा."

मंडळी मागे उभी राहिली. दिगंबररावांनी स्वतः पिस्तूल भरलं. मिशीवरून हात फिरवला आणि चाप ओढला.

एक बार अपेक्षित होता. सहा झाले. एकाच वेळी.

दोन गोळ्या बांधात गेल्या. एक महाराजांच्या नगाऱ्यातून आरपार गेली. बाकीच्या कुठे गेल्या ते अजून कुणाला ठाऊक नाही. पिस्तुलाचा दांडा वाकला. धूर ओसरला तेव्हा दिगंबररावांची मिशी नव्हती आणि उजव्या तर्जनीचं टोकही नव्हतं.

सगळे पळाले. गोदाक्का मात्र धावत पुढे आली. तिला राग आला होता आणि रडूही कोसळत होतं. तिने त्यांच्या भाजलेल्या हाताला मध चोपडला. "गप ऱ्हावा, रावसाहेब, गप ऱ्हावा," ती म्हणत राहिली.

महाराज फार हादरले. जंगलाला आता सुरक्षाप्रमुख हवाच, असं ठरलं. पिस्तूल ठोकून सरळ झालं आणि मुलाखती झाल्या. गोदाक्का नखं घासून, अंग चाटून आली.

"अपघाताचा अनुभव किती?" महाराजांनी विचारलं.

"काहीच न्हाई, म्हाराज," ती म्हणाली.

"वीस वर्षांत काहीच नाही?" महाराजांना तिची कीव आली. "मग तुला त्यातलं काय कळणार?"

दिगंबररावांनी फक्त पट्टी बांधलेलं बोट वर केलं. टाळ्यांचा कडकडाट झाला. नेमणूक जागच्या जागी झाली.

त्यांनी पहिलाच नियम काढला. प्रत्येक गोळीवर मेण लिंपावं आणि एक घर रिकामं ठेवावं. या शोधाला 'दिगंबर पद्धत' असं नाव मिळालं. ती शिकवायला पंधरा दिवसांचा वर्ग निघाला. गोदाक्कालाही त्यात बसावं लागलं. मेण मळताना दिगंबरराव तिच्यावर खेकसले, "असं नाही, बाई! तुम्ही नवशिक्या लोक फार घाई करता."

गोदाक्काने मान खाली घातली आणि मेण पुन्हा मळायला घेतलं.

तात्पर्य : मुलांनो, काळजी जरूर घ्या, पण अपघातच होऊ नये इतकी घेऊ नका. एखादं बोट गमावल्याशिवाय मोठी माणसं तुमचं ऐकणार नाहीत.