नानांचं घाबरलेलं गाढव

सुकदेव नाना गाढवाला गाढव म्हणत नाहीत, 'घाबरेल' म्हणतात, म्हणजे घाबरलेलं. पाठ फिरवून बसलेलं मांजर म्हणजे 'रुसेल'. मान लांब केलेली गाय म्हणजे 'वाट देखनारी'. काळ्या मातीची ही वीतभर जनावरं त्यांनी स्वतःच्या हातांनी घडवलेली. जळगावात आमच्या बिल्डिंगमध्ये ते तळमजल्यावर राहतात, मी वरच्या मजल्यावर. मूळचे शिंदखेड्याकडचे, पाइपच्या कारखान्यातून निवृत्त झालेले.

मला मोजमापातली चूक खपत नाही. एकदा मी टेप लावून त्यांना दाखवलं, की गाढवाचे पुढचे पाय सहा सेंटिमीटर आहेत आणि मागचे साडेचार.

"भाऊ, गधडा मागे सरकी राह्यना," नाना म्हणाले. "घाबरेल शे. तुमच्या टेपले."

माझी खरी तक्रार वेगळी होती. कच्ची माती पावसाळ्यात ओल धरते, म्हणून नाना ती जनावरं सकाळी उन्हाला जिन्याच्या कठड्यावर मांडत. पायऱ्यांवर माती सांडे. बिल्डिंगचा सेक्रेटरी मी. तीनदा सांगितलं. नाना "हो भाऊ" म्हणत आणि आठवड्याने कठड्यावर एक जनावर वाढलेलं असे.

आमच्या बिल्डिंगमध्ये बैल कोणाकडेच नाहीत. पोळ्याला सगळे मातीची जोडी आणून पूजतात. दुसऱ्या दिवशी मी घरोघरचे बैल गोळा करतो आणि पाण्याच्या ड्रममध्ये विसर्जन करतो. यंदा कठड्यावरची जनावरंही त्यातच सोडली. तेवीस होती. त्यांत बैल एकही नव्हता, हे मला स्पष्ट दिसत होतं. तरी सोडली.

तासाभराने नाना ड्रमपाशी उभे होते. कोपरापर्यंत हात पाण्यात, वर आला तो नुसता चिखल.

"पोळ्याचे समजून टाकले," मी खोटं बोललो.

ते ओरडले नाहीत. "आता अक्का कशी बोलेल?" एवढंच म्हणाले.

अक्का म्हणजे त्यांच्या पत्नी. दोन वर्षांपूर्वी लकवा झाला, वाचा गेली, हे मला माहीत होतं. त्या डाव्या हाताने जनावर दाखवून बोलतात, हे माहीत नव्हतं. गाढव दाखवलं की नाना जवळ जाऊन हात धरत. मांजर दाखवलं की खोलीबाहेर जात. गाय दाखवली की सुरतला दिलेल्या मुलीला फोन लावत. डॉक्टरांनी चित्रांचा तक्ता दिला होता. अक्कांनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

मी गावाबाहेरच्या एका शेतातून दोन घमेली काळी माती आणून दिली आणि तीन दिवस त्यांच्या दारावरून मान खाली घालून गेलो. चौथ्या दिवशी आत गेलो. पलंगाशेजारी तीन ओली जनावरं होती.

"नाना, ते पोळ्याचे बैल नाहीत हे मला तेव्हाच कळलं होतं."

"मले ठाऊक शे," नाना म्हणाले. "पोळ्याले गधडा कोन पूजतं?"

माझे कान तापले. तेवढ्यात अक्कांचा हात हलला. बोट शिंगं रोखलेल्या रेड्यावर टेकलं, मग सरळ माझ्याकडे वळलं. पुन्हा रेड्यावर. पुन्हा माझ्याकडे.

"बोलनी!" नानांचे डोळे भरले. "चार दिवसांत पहिल्यांदा बोलनी, भाऊ!" आणि अक्कांना नीट दिसावं म्हणून त्यांनी मला दंडाला धरून पलंगाजवळ उभं केलं.